सूपभर तांदूळ निवडून होईपर्यंत

परवा शहापूरच्या बाजारात शेवळं दिसली आणि माझ्या जिभेचा शेंडा टोचायला लागला. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझं हे असं होतं. सहा वर्षं झाली, पण जुडी नजरेला पडली की हात आधी पर्समधल्या फोनकडे जातो. तनू कुठे आहे? तनू घरी होती. "काय गो आई, आत्ताच तर निघालीस," तिकडून वैतागलेला आवाज आला. चौदा वर्षांची आहे, वैतागायचं वयच आहे. मी म्हटलं, "काही नाही, असंच." फोन ठेवला आणि बाजारात उभ्याउभ्या दोनदा थुंकी गिळून बघितली. घसा ठीक होता. मी काही खाल्लेलंच नव्हतं.

शेवळं ज्यांनी बघितली नाहीत त्यांना सांगते. उन्हाळा संपता संपता आमच्याकडच्या माळावर, पान ना फांदी, नुसत्या जमिनीतून जांभळट कोंब वर येतात. मिटलेल्या छत्रीसारखे. महिनाभर मिळतात, मग नाहीत. वालाबरोबर, नाहीतर सुकी कोलंबी घालून केलेली त्यांची भाजी ज्याने एकदा खाल्ली तो दर वर्षी वाट बघतो. पण ती तशीच शिजवून खाल्ली तर तोंड सोलून निघतं. म्हणून शेवळाबरोबर काकडं लागतात. काकडं म्हणजे रानातल्या एका झाडाची आंबट हिरवी फळं, लहान आवळ्याएवढी. ती उकडायची, बिया काढायच्या, कुस्करून रस गाळायचा, आणि त्या रसात भाजी शिजवायची. शेवळाची खाज काकडानेच मरते. बाजारात शेवळं विकणारी कुठलीही बाई जुडीबरोबर मूठभर काकडं देतेच. मागावी लागत नाहीत.

आमची बुधीआजी ठाकूरवाडीतून पाटी घेऊन येते. ती काकडं पिशवीत टाकता टाकता दर खेपेला एकच वाक्य बोलते. "ही सोडून चूल पेटवू नको गो." मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. इतक्या वेळा ऐकलं की ऐकू येईनासं झालं.

माझ्या माहेरी, मुरबाडकडच्या गावात, शेवळाचा दिवस हा वर्षातला वेगळाच दिवस असायचा. एरवी आय सगळ्यांच्या मागून जेवायची. बाबा उठले, आम्ही चौघं भावंडं उठलो की ती टोपाच्या तळाला भाकरी फिरवायची, ते तिचं जेवण. शेवळाच्या दिवशी मात्र ती आधी. जिने रांधलं तिने पहिला घास खायचा आणि थांबायचं. किती थांबायचं? सूपभर तांदूळ निवडून होईपर्यंत. घास गिळला की आय उंबऱ्यापाशी सूप मांडीवर घेऊन बसायची आणि खडे वेचायला लागायची. आम्ही चौघं तिच्यासमोर ओळीने. बाबासुद्धा पाटावर ताटकळत. घरात एवढी शांतता वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी नसायची.

मी तिच्या गळ्याकडे बघत राहायची. तिथली शीर हलली की वाटायचं, आता खोकेल, आता गळा धरेल. भूक लागलेली असायची, भाजीचा वास घरभर असायचा, आणि तरी मला वाटायचं, नको ती भाजी, आयला काही व्हायला नको.

एकदा तिने सूप बाजूला टाकलं आणि दोन्ही हातांनी गळा धरून ओरडली, "मेले गो बाय, मेले!" धाकटा भाऊ रडत अंगणात पळाला. बाबा पाटावरून उठताना पाण्याचा तांब्या लवंडला. मग ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अशी मस्करी करतात?" बाबा एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते.

"वर्साचा एक दिस समदी माज्या तोंडाकडं बघताव," आय म्हणाली. "तेवडा तरी मजा करू दे."

त्या वेळी आम्हीही हसलो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., वनस्पतीशास्त्र. हे मी अजिबात न लाजता सांगते, कारण पहाटे उठून भात लावायला हात देऊन मग एस.टी. पकडून मी ते केलं आहे. तिसऱ्या वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली अळूच्या देठाचा काप पाहिला. पेशीच्या आत सुयांची जुडी. बारीक, दोन्हीकडून टोकदार, लख्ख. सरांनी सांगितलं, अळू, सुरण, शेवळ सगळं एकाच कुळातलं, खाज येते ती या सुयांनी, आणि आंबटाने ती कमी होते. मी त्या दिवशी घरी जाऊन आयला उंबऱ्यातूनच सांगितलं, "आय, खाज म्हणजे सुया असतात. खऱ्या सुया. मी डोळ्यांनी बघितल्या."

"मंग?" आय भाकरी थापत होती. "आमाला काय वाटला, फुला टोचतान?"

मला राग आला होता. आपण काहीतरी मोठं घेऊन आलो होतो आणि तिने ते काडीसारखं बाजूला केलं होतं. आंबट लागतं, एवढं शास्त्र मी मनात पक्कं ठेवलं. काकडंच का, सूपभर तांदूळच का, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. म्हणून ते मी सोडून दिलं.

तनू आठ वर्षांची होती त्या वर्षीची गोष्ट. मी वाशिंदजवळच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागले होते, अजूनही तिथेच आहे. साडेसातला तनूला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायचं, पावणेआठला स्कूटी काढायची. त्याआधीच्या दोन तासांत भाकरी, भाजी, दोन डबे, तिची वेणी, पाणी भरणं, कपडे वाळत घालणं. तनूचे बाबा कसाऱ्याला रस्त्याच्या कामावर, तिकडेच राहायचे आणि आठवड्याने यायचे. सासूबाईंचा हात असायचा म्हणून निभायचं. त्यांना आम्ही आत्या म्हणतो.

एवढ्या धावपळीतही माझा एक हट्ट होता. तनूच्या डब्यात पुड्यातलं काही जाणार नाही. लॅबमधल्या बाकीच्या बायका मुलांच्या डब्यात नूडल्स घालायच्या, बिस्किटं घालायच्या, आणि मी मनातल्या मनात नाक मुरडायची. माझ्याकडे नाचणीची भाकरी, मुगाची उसळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी. घरचं आहे म्हणजे चांगलंच आहे, यावर माझा देवावर नसेल एवढा विश्वास. आणि दुसरा नियम, डबा रिकामा आला पाहिजे. एक घास उरला तर संध्याकाळी तोच घास आधी, मग बाकीचं. "मी काय उगीच पाचला उठते का?" हे माझं रोजचं वाक्य. तनू मुकाट्याने डबा संपवायची. तिच्या बाई मला शाळेच्या फाटकात सांगायच्या, "तुमची मुलगी किती गुणाची हो, डबा चाटूनपुसून खाते." मी फुलून घरी यायची.

शाळा उघडून चार दिवस झाले होते. आत्या मुरबाडला माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या, दोन दिवसांनी येणार होत्या. आदल्या संध्याकाळी मी बुधीआजीकडून शेवळं घेतली. रात्री वाल भिजत घातले, शेवळं सोलून ठेवली, आतला पिवळा खाजरा भाग काढून टाकला. ते सगळं नीट केलं. काकडं फ्रीजच्या दारात ठेवली.

सकाळी गॅस संपला. सिलिंडर बदलण्यात दहा मिनिटं गेली. घड्याळात पावणेसात. काकडं उकडायची, बिया काढायच्या, गाळायची, एवढं आता कुठे होणार? आंबट लागतं ना. चिंच होती. चिंचेचा कोळ घातला. किती घातला ते मला आजही सांगता येणार नाही. भाजीने दोन कढ घेतले, ओलं खोबरं घातलं, वास असा सुटला की मीच खूश झाले. एकदा मनात आलं, चव बघावी. लगेच दुसरं आलं, आज सूप घेऊन बसायला कोणाला वेळ आहे? तनूचा डबा दाबून भरला. आवडती भाजी म्हणून रोजच्यापेक्षा एक पळी जास्तच.

दहा वाजता लॅबमध्ये चहा येतो. तेव्हा मी डबा उघडते, दोन घास खाते, उरलेलं दुपारी. त्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, तोंडात घातली. छान लागली. चहाचा घोट घेतला. मग जिभेच्या शेंड्याला कुणीतरी टाचणी टोचल्यासारखं झालं. एक. मग दहा. मग टाळ्याला, मग खाली घशात. काचेचा चुरा गिळल्यासारखं. शेजारी बसणारी बाई विचारत होती, "काय झालं गं, ठसका लागला?" मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

तनूची छोटी सुट्टीही दहाचीच.

मी तोंडात घास घातला त्याच वेळी तिने घातला असणार. सांगायला, थांबवायला मध्ये एक मिनिटसुद्धा उरलं नव्हतं. शाळेच्या ऑफिसात फोन लावला, वाजत राहिला. बाईंना लावला, वाजत राहिला. शाळेत असेपर्यंत बाईंनी फोन घ्यायचा नाही, हा नियम मीच पालकसभेत उचलून धरला होता.

वाशिंद ते शहापूर हा हायवे मला पाठ आहे. त्या दिवसाचा मात्र एकही ट्रक, एकही वळण आठवत नाही. आठवतो तो माझा घसा. तो किती टोचतो त्यावरून मी तिचा मोजत होते. मी एक घास खाल्ला होता. तिच्या डब्यात किती होते? डबा मीच भरला होता. माझा गळा केवढा, तिचा केवढा? शर्टाचं वरचं बटण लावताना दोन बोटांत मावतो तो गळा. सूज आली तर आत जागा किती उरेल? शिकलेल्या माणसाची भीती फार वाईट असते. अडाण्याला नुसती भीती वाटते, मला त्या सुया दिसत होत्या. भिंगाखाली पाहिलेल्या, लख्ख, दोन्हीकडून टोकदार. पेपरात त्यांची आकृती काढून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते.

एक आशा मी धरून ठेवली होती. टोचलं की मूल थुंकून टाकेल. कुठलंही मूल थुंकेल. जिभेला चावलं की कोण पुढचा घास घेतं?

शाळेत शिरले तर तनू व्हरांड्याच्या पायरीवर. खिचडी शिजवणाऱ्या मावशी तिला धरून बसलेल्या, हातात कोकमाच्या पाण्याचा पेला. तनूचे ओठ सुजून उलटे झाले होते. थुंकी गिळवत नव्हती म्हणून हनुवटीवरून ओघळत होती. डोळे लाल. मला बघितल्यावर ती रडली नाही. मांडीवरचा डबा उचलून तिने झाकण काढलं आणि मला दाखवला.

रिकामा. कडेला खोबऱ्याचा कीससुद्धा नाही.

"टोचत होतं," ती म्हणाली. शब्द जड पडत होते. "पण तू म्हणतेस ना, संपवायचा."

बाई म्हणाल्या, आम्ही दवाखान्यात निघतच होतो. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी घसा बघितला, इंजेक्शन दिलं, म्हणाले, "श्वास चांगला आहे. पण चार तास इथेच थांबा, मला बघू दे." ते चार तास मी तिच्या गळ्याखालच्या खळगीकडे बघत बसले. खळगी आत जाते, बाहेर येते. आत, बाहेर. एकदा तिला डुलकी लागली आणि श्वास मंदावला, तेव्हा मी तिला हलवून उठवलं. "आई, झोपू दे ना," ती कुरकुरली. किती गोड कुरकुर ती. आयच्या गळ्याकडे बघत बसायचे तीच मी. फरक एवढाच की आयने घास आधी स्वतः खाल्लेला असायचा.

दुपारपर्यंत सूज उतरली. चार वाजता तिने थंड दूध मागितलं.

संध्याकाळच्या एस.टी.ने आत्या मुरबाडहून आल्या. मी फोनवर सांगितलं होतं, पण काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्यांनी आधी तनूच्या गालाला हात लावला, तिला जीभ काढायला लावली, बघितली. मग पाणी घ्यायला फ्रीज उघडला. दारात काकडं होती. तशीच, हिरवीगार, वर पाण्याचे थेंब. त्या बराच वेळ दार उघडं धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी बोलावं असंच वाटत होतं.

त्यांनी काकडांचं नावसुद्धा काढलं नाही. एवढंच विचारलं, "तू आदी खाल्लीस का?"

"नाही, आत्या. वेळ नव्हता."

"येळ नव्हता तर वरान करायचा व्हतास," त्या म्हणाल्या आणि तनूसाठी मऊ भात टाकायला गेल्या.

त्यानंतर वर्षभर मी त्या मुलीला जिणं नकोसं केलं. काहीही तिच्या तोंडात जायच्या आधी माझ्या तोंडात. दूध, द्राक्षं, शेंगदाणे, प्रसादाचा शिरा. "आई, बिस्किटाला पण?" ती विचारायची. हो, पुडाही आमच्या घरात आला होता मधल्या काळात. त्यावर छापलेलं असायचं काय काय आहे, आणि मला तेवढ्यानेच बरं वाटायचं. घरच्या भाजीवर काही छापलेलं नसतं. कुणीतरी आधी खाऊन, गप्प बसून राहिलेलं असतं, एवढाच तिचा भरवसा. हे मला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, पदवी घेऊन अकरा वर्षांनी कळलं. आणि डबा रिकामा आलाच पाहिजे, हे मी पुन्हा कधी म्हटलं नाही. उरलेला घास घरी आला की मी तो बघते. आवडला नसेल. किंवा टोचला असेल. म्हणजे मुलगी थांबली. थांबता येतं तिला. मला त्या उरलेल्या घासाचं फार बरं वाटतं.

शेवळं मात्र घरात आली नाहीत. सहा वर्षं. आत्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणायची का म्हणून. बुधीआजी बाजारात हाक मारायची, "काय गो, रुसलीस?" मी हात हलवून पुढे जायची.

या रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर ओट्यावर शेवळांची जुडी. शेजारी काकडं. तनू केस बांधून उभी. मैत्रिणीबरोबर सकाळी शहापूरला गेली होती, तिनेच आणली. आत्या खाटेवर. आता त्यांना नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत.

"मी करते," तनू म्हणाली.

"नको."

"तू शिकवू नकोस, आजी सांगतेय मला."

"तनू, नको म्हटलं ना."

"करू दे तिला," खाटेवरून आत्या म्हणाल्या. "तुज्या भ्यान काय पोरीनं उपाशी ऱ्हायाचा?"

मी दारात उभी राहिले. तिने शेवळं सोलली, पिवळं काढलं, मला दाखवलं. काकडं उकडली. एकेक बी काढली, आत्या विचारत होत्या, "झाला का? कुस्कर. अजून कुस्कर." रस गाळला. वाल घातले. घाई नव्हती तिला कसलीच. रविवार होता. तासभर भाजी रटरटत होती आणि मला टोकायला काही सापडत नव्हतं. सगळं बरोबर होतं, आणि तरी मी दारातून हलले नाही.

भाजी उतरली. मी ताटली घ्यायला हात पुढे केला. सवयीने. त्या वर्षी लागलेली सवय.

तनूने ताटली मागे घेतली. "आजी, कोणी खायचं आधी?"

"रांदणारीनं," आत्या म्हणाल्या.

"मी खाते ना," मी म्हटलं. "आज मी खाते. एवढा एक दिवस."

"तू कुठे रांधलीस?" तनू म्हणाली.

तिने भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली आणि माझ्याकडे बघत तोंडात घातला. चावला. गिळला. गळ्याखालची खळगी आत गेली, बाहेर आली. मग ती खाली बसली, सूप मांडीवर घेतलं, डब्यातून तांदूळ ओतले. तिला निवडता कुठे येतं, आजकाल तांदूळ मशीनवरूनच साफ येतो, खडा नावाला नसतो. तरी ती एकेक दाणा बोटाने सारत होती. मी तिच्यासमोर बसले. खाटेवर आत्याही उठून बसल्या, त्यांना दिसत नव्हतं तरी तोंड तिकडेच. पंख्याचा आवाज. सुपात दाणे सरकल्याचा आवाज.

मध्येच तिने गळ्याकडे हात नेला. मी अर्धी उठले. तिने ओढणी सारखी केली आणि हसली. अगदी आयसारखी.

"तनू!" मी ओरडले.

"काही नाही गो," ती म्हणाली. "माशी होती."

अर्धं सूप राहिलं होतं. मी हात पुढे केला, म्हटलं, दे, निम्मं मी निवडते. तिने मान हलवली. सूप स्वतःकडे ओढून घेतलं आणि पुन्हा पहिल्या कडेपासून, सावकाश, एकेक दाणा बघायला लागली. मी बघत बसले.

शेवटचा दाणा पलीकडे सारून तिने सूप खाली ठेवलं आणि न सांगता माझ्यासमोर जीभ काढली. गुलाबी, ओली, धड.

"वाढू?" तिने विचारलं.

मी पाट घेतला. ताट तिच्यापुढे केलं.